पाण्याचा वाटा

मनातल्या मनात जरा खाली बसा. मांडी घालायची सोय नाही, उकिडवेच बसा. खाली लाकडी फळ्या आहेत आणि त्या सारख्या हलत आहेत. समोर जाळ्यातून आत्ताच ओतलेला कंबरेएवढा ढीग. तो वरून गप्प दिसतो, पण झाकण ठेवलेल्या टोपासारखा आतून खदखदतो आहे. आता हात घाला. कोळंबी एका टोपलीत, माकूल दुसरीत, वाकट्या लांबट म्हणून बाजूला. मोठं पापलेट सापडलं तर हाक मारा, बोटीचा तांडेल स्वतः येऊन उचलेल. शिंगाळ्याच्या काट्याला जपा, बोटात मोडला तर हात सुजून भोपळा होतो. साप मेलेला दिसला तरी मेलेला समजू नका.

आणि बाकीचं? नाण्याएवढी पापलेटं, बोटाएवढे ढोमे, काचेसारखे चपटे मासे ज्यांना कुणी नाव ठेवण्याची तसदी घेतलेली नाही, पाय मोडलेले खेकडे, तळाची माती, शंख. ते निवडत बसू नका. फावड्याने ओढा आणि खणात ढकला. ते माणसाच्या ताटात जायचं नाही, वाळवून दळायला जायचं. उठायच्या आधी एकदा मागे वळून बघा, टोपल्यांत किती आलं आणि फावड्याखाली किती गेलं. फावड्याखालचंच जास्त असेल. पण फार वेळ बघू नका. जाळं पुन्हा पाण्यात गेलं आहे, समुद्राचा तळ खरवडत येतं आहे, आणि हा ढीग संपायच्या आत पुढचा येणार आहे.

वाळू नावाच्या माणसाने हे काम अर्धं आयुष्य केलं.

वाळू डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या एका पाड्यावरचा. भात आणि नाचणी करणारं घर. भात झोडून झालं की पाड्यावरची माणसं कामाला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी रेतीवर. वाळू तरणा होता तेव्हा शहापूरच्या बाजारात एका मुकादमाने त्याला गाठलं आणि विचारलं, "बोटीवर येतोस? पोहता येतं का?"

"डोहात येतं," वाळू म्हणाला.

मुकादम पोट धरून हसला आणि त्याला घेऊन गेला. तोवर वाळूने समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला एवढंच वाटलं, की ह्याला पलीकडचा काठ नाही, मग ह्याच्यावर नजर कोण ठेवत असेल?

कारण त्याच्या पाड्याखालच्या डोहावर नजर होती. नदी कातळाला वळसा घालते तिथे तो डोह आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. पावसाळा सरताना शेतातलं पाणी नदीला उतरतं, तेव्हा पाड्यावरची माणसं वाटेत बांबूचे विणलेले सापळे लावतात. सकाळी त्यात खवल्या, मुऱ्या, एखादी वाम, चिंबोऱ्या. पण सापळा उचलला की टोपलीत ओतायच्या आधी एक काम असे. वाळूची आई भागी दोन्ही हात सापळ्यात घाली, हाताला येतील ते मासे ओंजळीत घेई आणि डोहात सोडून देई. अंड्यांनी फुगलेली एखादी दिसली तर ती वेगळी काढून तीही सोडी.

"हा पान्याचा वाटा," ती म्हणे. "वाटा नाय दिला तं पानी रुसतं."

"रुसून काय करतं गो आई?" लहानपणी वाळूने विचारलं होतं.

"मान्सासारकंच. द्यायचं बंद करतं."

हे तो बोटीवर बरोबर घेऊन गेला. पहिल्याच हंगामात, पहिलं जाळं ओतलं तसे त्याने ढिगात दोन्ही हात घातले, ओंजळ भरली आणि कठड्यावरून समुद्रात सोडली. राघो तांडेल सुकाणूवरून ओरडला, "ए डोंगऱ्या! माझा माल फेकतोस काय रे?"

"माल नाय तांडेल. पान्याचा वाटा हाय."

राघो खाली उतरून आला. उंच, काळा, तोंडाने फटकळ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. बाकीचे खलाशी आता ह्या नव्या पोराच्या कानाखाली आवाज निघणार म्हणून बघत राहिले. पण राघो म्हणाला, "आमी दर्याला नारळ देतो, हा मासे देतो. देऊं दे. पन कोळंबीला हात लावलास तर तुलाच वाट्यात सोडीन."

म्हणून वाळू फावड्याखालच्या ढिगातून ओंजळ घेई. त्यातली बारीक पोरं निवडी, फुगल्या पोटाची एखादी शोधी. जाळं वर आलं की एक ओंजळ, दिवस असो की रात्र. बोट चालती असे. हात रिकामे होईतो पाणी मागे पडलेलं असे आणि वर पक्षी भिरभिरत. तो त्यांना "हाट, हाट" करी. बाकीचे हसत. शेवटी हसायचेही थकले आणि नवा कुणी आला की त्याला सांगू लागले, "ते आमच्या वाळूचं असतं. तेवढं थांबायचं."

घरी आला की आई आधी तेच विचारी. "सोडतोस ना?"

"सोडतो."

"मंग तुला पानी वढायचं नाय." ह्याच खात्रीवर ती म्हातारी गेली.

पण पाणी द्यायचं बंद करत होतं. हे वाळूला कुणी सांगायला नको होतं, त्याच्या हातांना कळत होतं. सुरुवातीला किनारा दिसत असताना जाळं भरे. मग दोन दिवस आत जावं लागलं, मग चार. घोळ मासळी दिसेनाशी झाली. पापलेट हाताएवढं होतं, ते तळव्याएवढं झालं. जाळ्याची भोकं हंगामागून हंगाम बारीक होत गेली, कारण मोठ्या भोकात अडकेल असं फारसं उरलंच नव्हतं. टोपल्या कमी आणि फावडं जास्त. पूर्वी तो फावड्याखालचा चुरा बंदराच्या वाटेवर समुद्रातच लोटून देत. आता त्याला घेणारे ट्रक धक्क्यावर उभे राहू लागले.

"आधी हे फेकायचो," राघो एकदा म्हणाला, "आता हेच आपल्याला पोसतं. पोरं विकून जगतोय बघ आपन."

"मंग थांबवा ना तांडेल."

"मी थांबलो तर शेजारची बोट थांबते काय?"

वाळूने आपल्यापुरता हिशोब लावला. एवढ्या बोटी, त्यात वाटा देणारा आपण एकटा. म्हणून कमी पडतंय. त्याने एकाच्या दोन ओंजळी केल्या. मग तीन. त्याला मनापासून वाटत होतं की ह्या समुद्रात जे काही थोडं उरलं आहे, त्यातलं काही त्याच्या हातून गेलेलं आहे. कुठेतरी खोल, त्याने सोडलेल्या पोरांची पोरं फिरत आहेत.

मग ती दुपार आली. जाळं वर घेतलं, ओतलं आणि इंजिन बंद पडलं. ओढून न्यायला दुसरी बोट येईपर्यंत थांबणं भाग होतं. वारा पडला होता. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट. इतकी वर्षं त्या आवाजात राहिलेल्या माणसांना ती शांतता चमत्कारिक वाटत होती. वाळूने सवयीने ओंजळी भरल्या आणि सोडल्या.

ओंजळी गेल्या नाहीत.

बोट पुढे सरकली नाही, त्यामुळे सोडलेले मासे तिथेच राहिले, कठड्याखाली. पांढरी पोटं वर करून. वाळू वाकून बघत राहिला. डोळे खोबणीबाहेर आलेले, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर लोंबणारं. त्याला वाटलं, दमले असतील, जरा वेळाने उलटतील, जातील. डोहात सोडलेली खवली नाही का, क्षणभर आडवी पडते आणि मग शेपटीचा फटका मारून नाहीशी होते. त्याने बांबूने एकाला हळूच ढोसलं. तो बुडाला आणि पुन्हा वर आला, तसाच.

तासाभराने त्या ओंजळी पसरून बोटीच्या चारी बाजूंना झाल्या होत्या. मुरबाडकडचा पंकज नावाचा एक खलाशी होता, तोंडाला लगाम नसलेला. तो ओरडला, "वाळूमामा, बघ रे! तुजी पोरां तुला सोडून जाईनात!"

सगळे हसले. राघो हसला नाही. तो वाळूच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"खालून वर येतायेताच फुटतात रे ते," तो म्हणाला. "खालच्या पान्याचा दाब वेगळा. आनि जाळ्यात चेंगरून मरतात ते निराळे."

"सगळे?"

"एखादा खेकडा जगत आसल."

"रोजच आसंच?"

"रोजच. चालत्या बोटीतून दिसत नाय येवढंच."

वाळूने हातातला बांबू खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "तांडेल, मला आधी का नाय सांगितलं?"

राघोला खरंच नवल वाटलं. "मला वाटलं तुला ठावं आसल. देवाला द्यायचं म्हनून देतोस. आमचा नारळ तरी कुठं जिता आसतो?"

वाळू त्या फेरीनंतर घरी आला तो पुन्हा गेला नाही. बायको गिरजा समजली की समुद्राची भीती बसली असेल. तो तिला काही बोलला नाही. काय सांगणार? माणूस आयुष्यभर पाणवठ्यावर मेलेली जनावरं टाकत आला आणि धर्म केला असं समजत राहिला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आई विचारी, 'सोडतोस ना?' आणि तो 'सोडतो' म्हणे. तेवढं एकच वाक्य त्याला बोचत राहिलं. म्हातारी नव्हती म्हणून ते दुरुस्तही करता येत नव्हतं.

मुलगा सुनिल एका धरणाच्या पाण्यात कामाला होता. तिथे एका मालकाने तरंगते पिंजरे टाकले होते आणि त्यात चिलापी नावाचे मासे वाढवले जात होते. सुनिलने बापालाही तिथे लावलं. काम सोपं, खाद्य टाकायचं आणि जाळ्यांवर लक्ष ठेवायचं. वाळूला पहिल्या दिवशी बरं वाटलं. मूठभर दाणे टाकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं, जिवंत माशांनी. फावडं नाही, ढीग नाही. इथे मासे मारून नाही, वाढवून विकतात असं त्याला वाटलं.

मग त्याने स्वतः एक नवी गोणी फोडली आणि त्याचे हात थांबले. तो वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. बोटीच्या खणातला, फावड्याखालचा.

तिथे मनस्वी नावाची मुलगी देखरेखीला होती. मासेशेतीचं शिक्षण घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली. वाळूने दाणा तळव्यावर चुरडून तिच्यापुढे धरला. "बाय, ह्याच्यात काय आसतं?"

"सोयाबीनची पेंड असते काका, भाताचा कोंडा असतो. आणि माशांची भुकटी."

"कुठल्या माशांची?"

"समुद्रातली बारीक मासळी. वाळवून दळलेली."

"म्हंजे हे वाढवायला ते मारायचे."

मनस्वीने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "चिलापीला फार लागत नाही," ती म्हणाली. "कोळंबीच्या तळ्यांना जास्त लागते. पण लागते, काका. त्याला दुसरं काही शोधतायत लोक." तिचा आवाज खाली आला, कारण ते अजून पुरेसं सापडलेलं नाही हे तिला माहीत होतं.

वाळूने काम सोडलं नाही. जाणार कुठे? रोज तो नाण्याएवढी पापलेटं मुठीमुठीने पिंजऱ्यात टाकत राहिला. पण त्याच दिवसांत त्याच्या मनाने एक गोष्ट धरली. एक ओंजळ. फक्त एक, पण जिवंत. पाण्यात सोडल्यावर पोहत जाईल अशी.

पिंजऱ्यातले मासे अधूनमधून निवडत. मोठे इकडे, मध्यम तिकडे, आणि खुरटलेले राहिले ते बादलीत, टाकून द्यायला. एका संध्याकाळी वाळूने त्या बादलीतले, अजून वळवळणारे, झाकणाच्या कॅनमध्ये पाण्यासकट भरले. कुणाला विचारलं नाही. टाकायचेच आहेत, त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलं.

डोळखांबच्या जीपमध्ये तो कॅन मांडीवर घेऊन बसला.

"काय वाळू, दूध घालतोस काय आता?" शेजारच्याने विचारलं.

"मासे हायेत."

"मंग रस्सा कुठंय?"

"जिते हायेत रं, जिते," वाळू म्हणाला, आणि जीपमधल्या लोकांना कळेना की एवढं सांगताना ह्या माणसाचे डोळे का भरले.

पाड्याची वाट चढताना ओहोळ लागला तिथे त्याने पाणी बदललं, हाताने ढवळत राहिला. डोहाशी पोचला तेव्हा उजेड होता. त्याने आईसारखे दोन्ही हात घातले, ओंजळ भरली आणि पाण्याखाली नेऊन उघडली. मासे एक क्षण तळव्यावरच थांबले. मग शेपट्या हलवून गेले, खाली, हिरव्या पाण्यात, दिसेनासे होईपर्यंत. वाळू कातळावर बसून राहिला. कित्येक महिन्यांनी त्याला त्या रात्री झोप लागली.

पुढच्या कार्तिकात सापळे जड आले. पाड्यावर आनंदीआनंद. वाळूने मासे आणून सोडल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शेजारची ताराबाई म्हणाली, "वाळूदादानं डोह भरला गो!" गिरजा मान वर करून चालायला लागली. सापळ्यातली पहिली ओंजळ रीतीप्रमाणे डोहात परत गेली. वाळूने ती स्वतः सोडली.

त्याच्या पुढच्या वर्षी सापळे आणखी जड. पण त्यात एकच जात, पाठीवर काट्यांची ती चिलापी. खवली एखाददुसरी. मुरी नाही. वाम नाहीच. ताराबाईने टोपली उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "बाकीचे कुठं गेले?"

वाळूने मनस्वीला विचारलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"नदीत सोडले? काका, किती दिवस झाले?"

"दोन पावसाळे. बाय, तुमी तं म्हनता पिंजऱ्यात सगळे नरच सोडता, मंग पिल्लं कशी?"

"नव्हे, जवळजवळ सगळे. एखादी मादी राहतेच." ती पिंजऱ्यांकडे बघत बोलत होती. "ती पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची सगळी जगतात. आणि दुसऱ्यांनी घातलेली अंडी हे खातात. जागा ह्यांची होते."

"काढता येतील?"

"डोह उपसला तरी एक जोडी राहील. आणि पावसात ती खालीच उतरत जातात, नदीला." मग ती थांबून म्हणाली, "तुम्ही एकट्यानेच नाही, काका. आमचं जाळं फाटतं तेव्हा आमचेही जातात. ते कुणी बोलत नाही एवढंच."

तिने ते त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं. वाळूला आठवलं, राघोही असंच बोलला होता, चालत्या बोटीतून दिसत नाही एवढंच.

त्याने पाड्यावर जाऊन सांगितलं. चिलापी परत सोडू नका, सापडेल तेवढी खा, वाटा द्यायचा बंद करा. माणसं त्याच्या तोंडाकडे बघू लागली. ताराबाई म्हणाली, "तुज्या आयसनं शिकवलं, आन् तूच म्हनतोस वाटा देव नको? डोह रुसला म्हंजे?" वाळू धरणावर कामाला परत गेला. त्याच्या मागे सापळे लागत राहिले आणि पहिली ओंजळ परत जात राहिली. म्हणजे जे सगळं खाऊन बसलं होतं तेच, जिवंत, रीतीने, हात जोडून.

यंदाच्या कार्तिकात गिरजाने त्याला ओढूनच डोहावर नेलं. "लोकं काय म्हनतील? तुमीच पयला हात घाला." त्याने सापळा पाण्यातच अर्धा उचलला आणि दोन्ही हात आत घातले. ओंजळीत पाणी होतं आणि त्यात एकच मोठी चिलापी होती. ती तडफडली, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातून पिल्लांचा पुंजका बाहेर पडला. राईएवढी, डोळेच डोळे असलेली. ती त्याच्या बोटांच्या फटींशी फिरू लागली. मग भ्यायली आणि सगळी मिळून पुन्हा आईच्या तोंडात शिरली.

त्याच्या आईने, भागीने, लेकुरवाळी कधी टोपलीत टाकली नव्हती.

इतक्या वर्षांत, एवढ्या समुद्रात, वाळूच्या हातावर इतकं जिवंत काही आलं नव्हतं. बोटांतून पाणी गळत होतं. ओंजळ फार वेळ टिकणार नव्हती. मागे ताराबाई आणि बाकीची माणसं वाटा जायची वाट बघत उभी होती. खाली डोह होता, हिरवा, त्यात खवलीची एखादी जोडी अजून असेल किंवा नसेल.

"सोडा की," गिरजा म्हणाली.

वाळू हलला नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता, आणि त्याने कुणाला विचारलं ते तिथे कुणालाच कळलं नाही.

"आय गो, हिला सोडू का मारू?"